मिरजकर तिकटीची वेलांटी

कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत टेबलावर कायम एक स्टीलचं ताट असतं, त्यात रवा पसरलेला. पहिल्यांदा येणारे पालक त्या ताटाकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. ट्यूशन म्हणून आलेल्यांना रवा कशाला, हे कळत नाही. डिस्लेक्सिया असलेल्या मुलांना वाचायला शिकवणं हे माझं काम. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं, आणि घरी रोज दहा मिनिटं सराव. त्या दहा मिनिटांवरच सगळं अवलंबून असतं.

गेल्या जूनमध्ये पाचवीतला एक मुलगा आला. शाळेच्या डायरीत दर पानाआड लाल शाईचा शेरा: 'अभ्यासात लक्ष नाही.' लक्ष नाही म्हणावं तर पेठेच्या फुटबॉलच्या सामन्यात कुणी कितव्या मिनिटाला गोल मारला, पास कुणी दिला, हे त्याला तोंडपाठ. आजीनं मीठमोहऱ्या उतरून झाल्या होत्या, डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं होतं. डोळे उत्तम होते. डिस्लेक्सियात बिघाड डोळ्यांत नसतोच. कानानं ऐकलेला आवाज आणि कागदावरची खूण यांची गाठ मेंदूत चटकन बसत नाही. हुशारीशी त्याचा संबंध नाही, आळसाशी तर अजिबात नाही.

पहिला महिना मी चुकले. माझं सगळं प्रशिक्षण इंग्रजीवर बेतलेलं होतं. अमेरिकेतले मेंदूतज्ज्ञ सॅम्युएल ऑर्टन आणि शिक्षिका ॲना गिलिंगहॅम यांनी 1930च्या दशकात घालून दिलेली ही पद्धत: डोळा, कान, हात तिन्ही एकदम कामाला लावायचे आणि पायरी पायरीनं पुढं जायचं. तत्त्व पक्कं आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण इंग्रजीत 'बी' आणि 'डी'ची अदलाबदल होते, म्हणून मीही मराठीतली जुळी अक्षरं धरून बसले. घ आणि ध, भ आणि म. तो कंटाळला आणि मीही दमले.

मग एक दिवस के.एम.टी.च्या, म्हणजे आमच्या शहर बसच्या, पाट्यांवरचे शब्द मोठ्या अक्षरांत लिहून त्याच्यासमोर ठेवले. 'मिरजकर तिकटी'. त्यानं वाचलं, "इमरजकर इतकटी." मी थांबवायच्या आधीच त्यानं विचारलं, "मॅडम, वेलांटी आधी दिसतीया, मग आधी का म्हणायची न्हाई?"

मला त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर वाटला. डावीकडून उजवीकडे वाच, असं आपणच सांगतो. आणि ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या डावीकडे, म्हणायची मात्र अक्षरानंतर! बाकीच्या मुलांना हे कुणी न सांगता जमून जातं. या मुलांना सांगावं लागतं, आणि एकदा सांगून भागत नाही.

आता आम्ही असं करतो. आधी ऐकायचं. मी 'मि' म्हणते, तो दोन चिंचोके मांडतो, एक 'म्'चा, एक 'इ'चा. मग रव्यात बोटानं, डावीकडे जागा सोडून, आधी म काढायचा. मग तोंडानं 'इ' म्हणत वेलांटी काढायची. मागून येऊन ती मच्या डोक्यावर हात ठेवते, असं मी सांगते. शेवटी माझ्या मोबाईलवर तोच शब्द टाईप करायचा, कारण तिथं आधी म दाबावा लागतो आणि मग वेलांटी, आणि वेलांटी आपोआप उडी मारून मच्या डावीकडं जाऊन बसते. ती उडी पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यानं पाच वेळा पुसून पुसून बघितली. मग बिंदू चौक झाला, शिवाजी पेठ झाली. शिवाजीत एक ऱ्हस्व, एक दीर्घ, दोन्ही वेलांट्या दोन बाजूंना. तिथं आठवडा गेला.

सध्या आमचं र चाललंय. र हे अक्षर मराठी मुलांची खरी परीक्षा बघतं. चक्रात तो पायाशी तिरकी रेघ होतो, ट्रकमध्ये खाली टोपी, दुसऱ्यामध्ये चंद्रकोर, आणि सूर्यात थेट डोक्यावर रफार, तोही ज्याच्या आधी म्हणायचा त्याच्याच डोक्यावर. या गावात जिथं तिथं 'राजर्षी' लिहिलेलं असतं. त्या एका शब्दात र दोन वेगळ्या रूपांत येतो. ज्या शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्यांच्या नावापुढचा हा शब्द माझ्या मुलांना वाचता येत नाही, आणि वर्गात बसूनही ती बाहेरच राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

पालकांना एक कळकळीनं सांगते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे डिस्लेक्सियाचाही, समावेश आहे. रीतसर तपासणी होऊन दाखला मिळाला की परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. दहावीच्या जानेवारीत धावपळ करू नका. आणि दाखला मिळाला म्हणून वाचन शिकवायचं सोडू नका.

त्या मुलाचे वडील शिरोलीत फाउंड्रीत मोल्डर आहेत. पहिल्या दिवशी दारातच उभे राहून बोलले, "माझं बी असंच हुतं. मास्तरांनी हात सुजवलं, मग सातवीतनं सोडली शाळा." बस ते नंबरावरून ओळखतात, पाटी बघत नाहीत. डिस्लेक्सिया घराण्यात उतरतो, हे मी त्यांना समजावलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मागच्या मंगळवारी मी घरच्या सरावाची वही उघडली. वरच्या ओळी पेन्सिलीच्या, नेहमीच्या. त्याखाली निळ्या पेननं, मोठ्या अक्षरांत, दाबून लिहिलेलं: तिकटी, तिकटी, तिकटी. दुसऱ्या ओळीतली एक वेलांटी क वर जाऊन बसली होती. मी काही विचारलं नाही. दोन्ही अक्षरं तपासली आणि पुढच्या पानावर दोघांसाठी दोन वेगळ्या ओळी आखून दिल्या.