दोन शिंदे आजोबा

काल हॉस्पिटलातली इमर्जन्सी ड्युटी संपल्यावर ज्युनियर डॉक्टरने विचारलं, मॅडम चार तास झोपून आले तर चालेल का, आणि माझ्या तोंडातून निघणारच होतं की आमच्या वेळी तर... गिळलं. आमच्या वेळी काय झालेलं ते मला नीट आठवतंय ना.

मी फर्स्ट इयर मेडिसिन रेसिडेंट, म्हणजे वॉर्डात काम करत एमडी शिकणारी डॉक्टर, मुंबईतला जुलै, म्हणजे मलेरिया, डेंगी, लेप्टो, खाटा फुल आणि जमिनीवर गाद्या. सकाळी आठला लागलेली इमर्जन्सी चोवीस तासांनी संपते म्हणे, पण मग राऊंड, सॅम्पल, लॅबमधून रिपोर्ट आणा, डिस्चार्ज कार्डं लिहा, असं करत दुपारचे चार वाजले. बत्तिसावा तास. दोन शिंदे आजोबा शेजारीशेजारी, एकाचं रक्तातलं पोटॅशियम २.६, म्हणजे फार कमी, दुसरे डायलिसिसवाले, त्यांचं ५.९, आधीच जास्त. मी पोटॅशियमची ड्रिप लिहिली डायलिसिसवाल्यांच्या पेपरवर, छान अक्षरात, खाली सही. सिस्टर पेपर घेऊनच आल्या, "डॉक्टर, हे यांनाच द्यायचंय? नक्की?" दिलं असतं तर हार्ट थांबू शकलं असतं.

आणि गंमत म्हणजे मला तेव्हा झोप येत नव्हती! तेच तर डेंजर आहे. १९९७ च्या एका प्रयोगात सतरा तास जागलेल्यांचे हात-डोकं रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखे चालत होते. आपल्याकडे नाकाबंदीत ०.०३ च्या वर गेलं की केस होते, आणि आम्ही चोवीस तासांनंतर पेशंटच्या मोठ्या शिरेत नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, टाकतो.

कागदावर सगळं आहे हो. १९९२ च्या केंद्राच्या रेसिडेन्सी स्कीममध्ये सलग ड्युटी साधारण बारा तासांच्या वर नको असं लिहिलंय. २०२४ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनच्याच टास्क फोर्सने आठवड्याला जास्तीत जास्त ७४ तास सुचवले, ते वाचून हॉस्टेलवर सगळे हसले.

सर लोक म्हणतात शिफ्ट केल्या की पेशंट हातोहात फिरतो, हँडओव्हरमध्ये, म्हणजे पेशंट पुढच्या डॉक्टरकडे सोपवताना, गोष्टी सुटतात. खोटं नाहीये ते, अमेरिकेत २०११ ला इंटर्नना सोळा तासांची लिमिट लावली आणि २०१७ ला परत चोवीस केले. पण आमचा हँडओव्हर म्हणजे लिफ्टची वाट बघताना "सात नंबर बघून घे" एवढाच, तो आधी सुधारा ना, त्यासाठी माणसाला का जागवता.

ज्युनियरला म्हटलं, जा झोप. रक्ताची सॅम्पल मी काढली, किती वर्षांनी. एक हिमोलाइझ झालं, म्हणजे काढताना रक्तपेशी फुटल्या, पोटॅशियम खोटंच ६.८ आलं, लॅबवाला फोनवर म्हणतो, "नवीन हाऊसमन, म्हणजे ज्युनियर डॉक्टर, आहे का?"