तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या भिंतीवरची डायना

हळदीकुंकवाला आलेली बाई वाण हातात पडायच्या आत भिंतीकडे बघते आणि विचारतेच, "ताई, ही डायना काऊन लावली जी तुम्ही?" एकीने तर "सून फॉरेनची हाय का?" असंही विचारलं होतं.

राजघराण्यांचं मला कौतुक नाही. मी महालातच वाढले, म्हणजे नागपुरातल्या महाल भागात, भोसल्यांच्या वाड्याजवळ. राणी-राजे बघून डोळे दिपायचं वय तिथेच सरलं. ब्रिटनच्या युवराजाशी डायनाचं 1981 चं लग्न, नंतरची भांडणं, 1996 चा घटस्फोट, सगळं पेपरात वाचलं आणि रद्दीत घातलं.

नोकरी कुष्ठरोगाच्या कामात, फील्डवर. लोक 'रगतपिती' म्हणायचे आणि दार ओढून घ्यायचे. चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचं, पेनाचं टोक हलकेच टेकवायचं, "कुठं लागलं, बोट ठेवून दाखव." चांगल्या कातडीवर बोट बरोब्बर यायचं. चट्ट्यावर टेकवलं की समोरचं माणूस नुसतं वाट बघत बसायचं. मग सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या. त्यातल्या एका गोळीने कातडी काळवंडते, म्हणून लग्नाच्या पोरी अर्ध्यातच सोडायच्या.

1989 मध्ये ही बाई इंडोनेशियातल्या कुष्ठरुग्णालयात गेली आणि हातमोजे न घालता रुग्णांचे हात हातात घेतले. दोन वर्षं आधी लंडनला एड्सच्या रुग्णाशीही तसंच हस्तांदोलन. 1993 मध्ये नेपाळच्या आनंदबन कुष्ठरुग्णालयात गेली. ते नाव वाचून मला वाटलं, आपल्या वरोऱ्याचं आनंदवनच चुकीचं छापलंय! बाबा आमट्यांनी तर हे तिच्या जन्माआधीपासून केलं, तेही कॅमेऱ्याशिवाय. (बाबांचा फोटो आतल्या खोलीत आहे, तोही विचारून झालाय.) कॅमेरे आपल्या मागे येतात हे डायनाला पक्कं ठाऊक होतं, आणि ती त्यांना तिथेच घेऊन गेली. यात मला ढोंग दिसत नाही, हुशारी दिसते.

घटस्फोटानंतर तिने शंभरेक संस्थांचं आश्रयदातेपद सोडलं. सहाच ठेवल्या. त्यात एक कुष्ठरोगाची. हे वाचलं त्या दिवशी ती माझ्या हिशेबात आली. पुढच्या वर्षी जानेवारीत अंगोलात भूसुरुंगांच्या पट्ट्यातून चालली, जूनमध्ये स्वतःचे 79 पोशाख लिलावात काढून कॅन्सर आणि एड्सच्या कामाला पैसे दिले, आणि 31 ऑगस्टला गेली. भिंतीवरचं कात्रण त्या सप्टेंबरातलं. त्यात तिच्या हातात जो हात आहे, त्या माणसाचं नाव खाली छापलेलं नाही.

पण खरं कारण उमरेडकडच्या एका आजीचं आहे. नोकरीचं पहिलंच वर्ष. तिची बोटं तळव्यात वळलेली, म्हणून कप दोन्ही मनगटांत धरून तिने चहा पुढे केला. गोळ्या सुरू झाल्या की रोग पसरत नाही, असं मी तिच्या सुनेला नुकतंच सांगून झालं होतं. आणि आजीला म्हणाले, "आत्ताच घेतला, माय." तिने कप तसाच मनगटांत धरून चुलीशी नेऊन ठेवला.

पुढच्या महिन्यात गोळ्या द्यायला गेले तेव्हा काम आटपूनही मी ओसरीवर बसून राहिले. आजीने पाणी विचारलं. चहाचं काही काढलं नाही.