पंपाला दोन टोपणं
परवा दुपारी लाइट गेलेली, लॅपटॉपची बॅटरी वीस टक्क्यांवर, आणि मला काय करायचं होतं तर सर्व्हरवरच्या सात दिवसांपेक्षा जुन्या लॉग फाइली, म्हणजे नोंदींच्या फाइली, उडवायच्या होत्या. बस एवढंच. फाइली शोधायच्या फाइंड कमांडचं मॅन पेज, म्हणजे तिचं माहितीपत्रक, उघडलं अन् बसलो खाली सरकवत. फाइल शेवटची बदलून किती दिवस झाले ते बघणारा एमटाइम म्हणे चोवीस-चोवीस तासांचे तुकडे मोजतो, वरचा अपूर्णांक सोडून देतो, म्हणून अधिक एक लिहिलं तर फाइल किमान दोन दिवस जुनी पाहिजे. सगळं खरंय, खोट काढायला जागा नाही. पण जुन्या फाइली उडवायला तर रोज कोणी ना कोणी येतच असंल, त्याची एक ओळ वरच टाकायला काय झालं? उदाहरणं आहेत, पार तळाला.

आमच्याकडं परभणीला कापसाच्या औषधासोबत घडीचा कागद यायचा. उघडला की उघडतच जायचा, पाच-सात भाषा, मुंगीएवढं अक्षर. मी आठवीत, वाचायचं काम माझ्याकडं. हेक्टरी एवढं मिली, पाणी पाचशे ते हजार लिटर. आपलं रान तीन एकर, हेक्टर म्हणजे अडीच एकर धरून मी वहीत गुणाकार-भागाकार करायलोय, आणि अण्णा पाठीवर पंप घेऊन उभे. "ते ऱ्हाऊ दे बाबा, पंपाला किती तेवढं सांग."

तेच तर कुठं लिहिलेलं नसायचं. मग दुकानदाराला विचारायचं. तो हिशोबाच्या वहीतून मान वर न करता म्हणायचा, "पंधराच्या पंपाला दोन टोपणं."

एका वर्षी गड्यानं दुसऱ्याच बाटलीचं टोपण घेतलं, मोठं. चार ओळी करपल्या. दुकानदार म्हणाला, मी दोनच सांगितले होते. ते बी खरंच.

फाइंडमध्ये डिलीट शेवटी लिहायचं असतं, चुकून आधी लिहिलं तर ते नाव-तारीख काही बघत नाही, त्या फोल्डरखालचं सगळंच साफ करायला निघतं. तसं मॅन पेजात बजावलंय, पण घाईत कोण वाचतंय. म्हणून टीमच्या नोट्समध्ये मी आपली पूर्ण ओळ लिहून ठेवली, आणि तिच्या वर तीच ओळ बिगर डिलीटची, आधी ही चालवून यादी बघा म्हणून. एकजण म्हणाला, एवढं कशाला, येतंय की सगळ्यांना.

असंल बाबा.

अण्णांनी त्या वर्षीपासून बरोबरचं टोपण सुतळीनं पंपालाच बांधून टाकलं. आता पंप बॅटरीचा आलाय, औषधही बदललंय, त्याचं टोपण वेगळं. सुतळी तीच आहे.