पुन्हा वाचा

14 नोव्हेंबर 2020, शनिवार. सकाळी अटलांटाच्या एका उपनगरात, काउंटीने, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाने, घेतलेल्या मोठ्या सभागृहात मी मतपत्रिका मोजायला बसले. एरवी मी एका कंपनीत हिशेबतपासणीचे काम करते. निवडणुकीच्या काळात मात्र काउंटीचे हंगामी काम पत्करते. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक असलेले माझे वडील इलेक्शन ड्युटीवर कुरकुरत जात आणि परतल्यावर दोन दिवस दुसरे काही बोलत नसत; त्याचा हा संस्कार म्हणा किंवा खोड म्हणा.

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जॉर्जिया राज्यात सुमारे 50 लाख मते पडली होती आणि यंत्राच्या मोजणीत बायडन ट्रम्प यांच्यापेक्षा जेमतेम 14 हजारांनी पुढे होते. त्यामुळे राज्याची निवडणूक सांभाळणारे अधिकारी, म्हणजे सेक्रेटरी ऑफ स्टेट, ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांनी अध्यक्षपदाचे प्रत्येक मत हाताने मोजण्याचा आदेश दिला. ते रिपब्लिकन, म्हणजे ट्रम्प यांच्याच पक्षाचे, आणि त्याच आठवड्याच्या सोमवारी त्यांच्याच पक्षाच्या, राज्यातल्या दोन्ही सिनेटरांनी त्यांचा राजीनामा मागितला होता. आपल्याकडच्या निवडणूक आयोगासारखी देशभरासाठी एकच यंत्रणा इथे नाही. राज्याची निवडणूक सांभाळणारा अधिकारी पक्षाच्या तिकिटावर निवडून येतो आणि प्रत्यक्ष राबतात त्या 159 काउंट्या.

टेबलावर आम्ही दोघी होतो. माझ्या जोडीदारीणबाई सत्तरीच्या, निवृत्त ग्रंथपाल. जॉर्जियात मतदार नोंदणी करताना पक्ष सांगावा लागत नाही, त्यामुळे कोण कुठला हे यादीवरून कळत नाही. पण चहाच्या सुट्टीत त्यांनीच सांगितले की आपले मत ट्रम्प यांना गेले आहे. मी माझे सांगितले नाही. त्यांनी ओळखले असावे.

पद्धत सोपी होती. मी मतपत्रिका उचलून उमेदवाराचे नाव मोठ्याने वाचायचे आणि ती त्यांच्याकडे द्यायची. त्यांनी स्वतः पाहून ते नाव पुन्हा उच्चारायचे आणि योग्य गठ्ठ्यावर ठेवायची. ट्रम्प, बायडन, लिबर्टेरियन या छोट्या पक्षाच्या जॉर्गेन्सन आणि न समजणारी मते असे वेगवेगळे गठ्ठे. मतदान केंद्रावरच्या यंत्रातून निघालेल्या कागदावर एक क्यूआर कोड होता आणि त्यासोबत छापील नावे. मोजणीयंत्राने कोड वाचला होता, आम्ही नाव वाचत होतो. यंत्राचा ताळा माणसाने घ्यायचा तो असा. टपालाने आलेल्या मतपत्रिका घड्या पडलेल्या, हाताने गोल काळे केलेल्या. त्या टेबलावर सपाट राहतच नसत, आणि एका गृहस्थांनी कागदाच्या कडेला कॉफीचा गोल डागही पाठवला होता.

दुपारी दोनच्या सुमारास, शेकडो कागद झाल्यावर, मी एक मतपत्रिका उचलली, "बायडन" म्हणाले आणि पुढे सरकवली. बाईंचा हात थांबला. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा वाचा." कागदावर ट्रम्प यांचे नाव होते. लागोपाठ आठ-दहा बायडन आले होते आणि माझ्या जिभेने डोळ्यांची वाट पाहिली नव्हती. मी नाव दुरुस्त करून वाचले, त्यांनी ते उच्चारले, कागद योग्य गठ्ठ्यावर गेला. सगळे मिळून दहा सेकंद.

मान वर केली तेव्हा काही फुटांवर उभा असलेला रिपब्लिकन पक्षाचा निरीक्षक वहीत लिहीत होता. निरीक्षकांना मतपत्रिकेला हात लावता येत नव्हता. पाहता येत होते, लिहिता येत होते. त्याने काय लिहिले ते मला दिसले नाही, पण त्याच्या जागी मी असते तर मीही लिहिले असते: ट्रम्प यांचे मत बायडन म्हणून वाचले. हे वाक्य शब्दशः खरे होते. दोन माणसे बसवतात ती अशीच चूक पकडण्यासाठी, आणि ती पकडली गेली, हे मात्र त्या वाक्यात कुठेच नव्हते. माझ्या धंद्यात याला नियंत्रण चोख चालल्याचा पुरावा म्हणतात. बाहेर झेंडे घेऊन उभ्या असलेल्या माणसाला मी ते कोणत्या शब्दांत सांगणार होते?

मोजणीवरच्या निरीक्षकांची शपथपत्रे पुढच्याच आठवड्यात न्यायालयातही गेली. 19 नोव्हेंबरला ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांनी निकाल रोखण्याची मागणी फेटाळली. पुढे यंत्राने आणखी एकदा मोजणी झाली आणि अंतर 11,779 मतांवर थांबले. 2 जानेवारीला ट्रम्प यांनी रॅफेन्सपर्गर यांना फोन करून 11,780 मते शोधायला सांगितली, ती याच आकड्यावरून.

रविवारी सकाळी बाई आल्या त्या जरा गप्पच होत्या. पहिला गठ्ठा सोडता सोडता म्हणाल्या, "काल रात्री मुलाचा फोन आला होता. विचारत होता, काही घोटाळा दिसला का? मी म्हटलं, नाही, दिवसभर माझ्याच हातून कागद गेले." मी विचारले, मग तो काय म्हणाला?

"म्हणाला, आई, तुला ते दाखवणारच नाहीत."

त्यांनी मास्क नाकावर नीट ओढला आणि पहिल्या मतपत्रिकेसाठी हात पुढे केला.