तिकडे टाकलंय

आमच्या ऑफिसात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं वाक्य कोणतं, असं कुणी विचारलं तर मी डोळे मिटून सांगेन: "तिकडे टाकलंय ना." शीट कुठाय? तिकडे टाकलंय. मंजुरी आली का? तिकडे आली असेल, बघ. हे 'तिकडे' म्हणजे दुसरं ॲप. कोणतं, ते बोलणारा कुठे बसलाय त्यावर.

नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या एका ऑफिसात मी परदेशी क्लायंटची बिलं तपासते. एक्सेल आणि आउटलुकमध्ये काम करायचं आणि त्या कामाबद्दल बोलायचं मात्र दोन ॲपवर. मायक्रोसॉफ्टचं टीम्स आमचं घरचं, कारण वर्ड-एक्सेलच्या पाठोपाठ ते आलंच. स्लॅक क्लायंटचं, कारण पैसे तो देतो. चॅट दोन्हीकडे, फाइली दोन्हीकडे, कॉलही दोन्हीकडे. त्यामुळे एखादी गोष्ट नेमकी कुठे बोललो होतो, हे शोधण्यात जो वेळ जातो त्यात ती गोष्ट परत बोलून होते.

दोन ॲपचा संसार काही नवा नाही. 2017 साली टीम्स आलं तेव्हा कितीतरी ऑफिसांत स्काइप फॉर बिझनेस हे मायक्रोसॉफ्टचंच जुनं ॲप आधीपासून चालू होतं. जुनं एका रात्रीत काढता येत नाही, म्हणून दोन्ही शेजारी शेजारी चालवायची सोय मायक्रोसॉफ्टनेच करून दिली. या सोयीचं अधिकृत नाव होतं आयलंड्स, म्हणजे बेटं. स्काइपवरून निघालेला निरोप स्काइपवरच पोचणार, टीम्सवरचा टीम्सवर. 'मी आहे' सांगणारा हिरवा ठिपकासुद्धा दोन्ही बेटांवर वेगवेगळा. 31 जुलै 2021 ला स्काइप फॉर बिझनेसची ऑनलाइन सेवा बंद झाली तेव्हा वाटलं, चला, सुटलो एकदाचे. मग स्लॅकवाला क्लायंट आला.

स्लॅक आणि टीम्स या दोघांचं आपसातलं नातंही मजेशीर आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टने टीम्सची घोषणा केली, त्या दिवशी स्लॅकने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली: मायक्रोसॉफ्टला उद्देशून पत्र, स्वागताचं, आणि स्वागतातच काही खोचक सल्ले. निरोप पोचवणारं ॲप विकणाऱ्यांना खरा महत्त्वाचा निरोप द्यायला छापील पेपर लागला, हे मला फार आवडतं. पुढे 2020 साली स्लॅकने युरोपियन कमिशनकडे तक्रार केली की वर्ड-एक्सेलच्या 'ऑफिस' नावाच्या गठ्ठ्यात टीम्स बांधून देणं बरोबर नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टने ऑफिस आणि टीम्स वेगवेगळे विकायला काढले. 2023 मध्ये युरोपात, 2024 मध्ये बाकीच्या जगात. तिकडे वेगळे निघाले असतील, माझ्या लॅपटॉपवर सगळे एकाच आठ जीबी मेमरीत नांदतात.

आणि नांदतात म्हणजे काय, तर एकमेकांच्या जिवावर उठतात. स्लॅक काय आणि टीम्स काय, दिसायला साधी चॅटची खिडकी. पण दोन्हींच्या पोटात ब्राउझरचं अख्खं इंजिन चालू असतं. त्यात महिनाअखेर. एक्सेलमध्ये लाखभर ओळी, त्यावर शोधाशोध करणारा व्हीलुकअप फॉर्म्युला टाकलेला, खालच्या पट्टीत टक्के हळूहळू चढताहेत आणि तेवढ्यात कोपऱ्यात कुणीतरी हसरा चेहरा पाठवतं. एक्सेल पांढरं पडतं. मे महिन्यात वर्क फ्रॉम होम असेल तर मागे कूलर घरघरतोय आणि पुढे लॅपटॉपचा पंखा, आई स्वयंपाकघरातून विचारते, "काय गं, पाणी संपलं का कूलरचं?"

खरी गंमत हेडफोनची. हेडफोन एकच, पण म्यूटचं बटण प्रत्येक ॲपचं आपापलं. आमच्या टीममधला एक भाऊ स्लॅकवर क्लायंटच्या कॉलमध्ये बसला होता, शांतपणे ऐकत. तेवढ्यात टीम्सची रिंग त्याच कानात. शेजारच्या फ्लोअरवरचा दोस्त. त्याने उचलला, आणि अगदी मोकळ्या गळ्याने बोलला, "अबे पाठवून राहिलो ना! तुले काऊन एवढी घाई आहे बे?" टीम्सवर तो बोलतच होता, पण स्लॅकवर कुठे म्यूट होता? पलीकडे क्षणभर शांतता. मग क्लायंटची बाई फार अदबीने म्हणाली की तिची काहीच घाई नाही, उद्या दिलं तरी चालेल. आम्हाला दोन दिवस मागूनही न मिळालेली मुदत अशी मिळाली.

तोच भाऊ स्लॅकवर लिहायला बसला की ओळखू येत नाही. तिथे 'जेंटल रिमाइंडर', 'काइंडली'. टीम्सवर 'झालं का', 'टाक ना', आणि घाईत असला तर नुसतं प्रश्नचिन्ह. मीही तशीच. स्लॅकवर माझी प्रत्येक ओळ इस्त्री करून बाहेर पडते.

सगळे दोन ॲपच्या नावाने बोटं मोडतात. मीही मोडते, पण मनापासून नाही. कारण नागपूरकराला या कारभाराची सवय जुनी आहे. 1953 च्या नागपूर करारापासून वर्षातून एक अधिवेशन इथे भरवायचं ठरलं आणि डिसेंबरात अख्खं सरकार मुंबईहून उठून सिव्हिल लाइन्समध्ये येतं. माझे एक काका सरकारी नोकरीत होते. ते सांगायचे, त्या दिवसांत मुंबईत कुणी काम घेऊन गेलं तर उत्तर मिळायचं, 'साहेब नागपूरला आहेत.' तोच माणूस धडपडत नागपूरला आला की उत्तर तयार, 'फाइल मुंबईला आहे.' दोन्ही उत्तरं खरी, आणि साहेब दोन्हीकडून मोकळे.

दोन ॲपने आम्हा साध्या माणसांना तीच साहेबी दिली आहे. टीम्सवर पाच मिनिटं कीबोर्डला हात लागला नाही की ठिपका पिवळा होतो, आणि पिवळा झाला की कुणाच्या तरी पोटात दुखतं. एकच ॲप असतं तर त्या पिवळ्याचा अर्थ एकच निघाला असता. आता विचारलं तर सांगता येतं, "क्लायंटच्या कॉलवर होते, तिकडे." क्लायंटने विचारलं तर, "इंटर्नल कॉल." आणि असते मी खाली टपरीवर, तर्रीचा दुसरा चमचा पोह्यांवर सोडत. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. आमच्याकडचा पाहुणा दोन्ही घरी सांगतो की तिकडे जेवलो, आणि जाऊन तिसरीकडे खातो. आठ-नऊ तास माणूस कुठे आहे याचा हिशेब ठेवणाऱ्या ठिपक्यांना एवढी तरी फट हवीच. ती कंपनीने दिलेली नाही, चुकून राहून गेली आहे. म्हणून तर टिकली.

गेल्या आठवड्यात मेल आला: गोंधळ कमी करण्यासाठी पुढच्या तिमाहीपासून क्लायंटसकट सगळे एकाच ॲपवर. मेलची सूचना टीम्सवर आली, स्लॅकवरही आली. वरच्या लोकांनी दोन्हीकडे अंगठे दिले. आम्ही दुपारी टपरीवर जमलो तेव्हा मात्र कुणी काही बोलेना. जो तो प्लेटमध्ये बघत होता. शेवटी त्या म्यूटवाल्या भावाने विचारलं, "कोणतं ठेवणार आहेत, ते लिहिलं आहे का त्याच्यात?"

मेल पुन्हा उघडला. लिहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंची चर्चा चालू आहे, एवढंच होतं. भावाने अजून एक प्लेट सांगितली.