4 वर 18 शून्य, तरी सिद्ध नाही

"एवढं तपासूनपण खरं का मानत नाहीत ओ काका?" सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना पुतणीने विचारलं आणि दिवसभर तेच डोक्यात चाललंय.

गोल्डबाख नावाच्या गणितज्ञाचा अंदाज सांगत होतो तिला. 2 पेक्षा मोठी कुठलीही सम संख्या घे, दोन मूळ संख्यांची बेरीज निघते. पोरीने लगेच वहीच्या मागच्या पानावर सुरू केलं, 28 म्हणजे 5 आणि 23, 100 म्हणजे 3 आणि 97, एक पण अडेना. प्रश्न 1742 चा, कॉम्प्युटरने 4 वर 18 शून्य एवढ्या आकड्यापर्यंत तपासलंय आणि तरी सिद्ध कुणालाच करता आलेलं नाही.

आणि मूळ संख्या कधी संपतच नाहीत हे ग्रीक गणितज्ञ युक्लिडने सुमारे 2300 वर्षांपूर्वी चार ओळींत दाखवलं, नुसत्या विचाराने! मला अजून अंगावर काटा येतो. 1931 ला गोडेल या तर्कशास्त्रज्ञाने तर सिद्धच केलं की अंकगणिताचे नियम कितीही बिनचूक मांडा, त्यातून सिद्ध न होणारं काहीतरी खरं उरतंच.

कितीही उदाहरणं म्हणजे पुरावा नव्हे, असं सांगितलं तिला, पण पटलेलं दिसलं नाही.

गणित शिकवणारे कुणी असाल तर सांगा ना, आठवीतल्या पोरांना हे कसं पटवता?