आमची वाटचाल : पानांचे पैसे आणि संघटनेचे तास

कोर्ट रिपोर्टर म्हणजे कोर्टाच्या बातम्या देणारा वार्ताहर, असा आपल्या लोकांचा हमखास समज होतो. आमचं काम वेगळं आहे. वकील, साक्षीदार, न्यायाधीश जे बोलतील ते शब्दन् शब्द स्टेनो मशीनवर उतरवायचं आणि त्याची प्रमाणित प्रत द्यायची. न्यू जर्सीतल्या न्यायालयांत बरंचसं कामकाज आता ध्वनिमुद्रणावर चालतं, त्यामुळे आमच्यासारख्या छोट्या फर्मचं पोट डिपॉझिशनवर असतं. म्हणजे खटला सुनावणीला येण्याआधी वकिलांच्या ऑफिसात किंवा झूमवर शपथेवर घेतलेली साक्ष. दोन रिपोर्टर, कच्ची प्रत ऐकत दुरुस्त करणारी एक स्कोपिस्ट आणि पानामागे पैसे घेणारी एक प्रूफरीडर, एवढाच आमचा संसार.

या संसाराची घडी बसली ती व्यावसायिक संघटनेत फुकट दिलेल्या तासांमुळे. राष्ट्रीय संघटना जुनी आहे. 1899 साली शिकागोत ती शॉर्टहँड रिपोर्टर्सची संघटना म्हणून सुरू झाली आणि 1991 पासून नॅशनल कोर्ट रिपोर्टर्स असोसिएशन, म्हणजे एनसीआरए, या नावाने चालते. राज्याराज्यांच्या संघटना वेगळ्या. वर्गणी भरून वर्षातून एकदा अधिवेशनाला जाणारे सदस्य पुष्कळ असतात. पण फर्मच्या कामात जे उतरतं ते वर्गणीतून येत नाही. एखादं बारीक, मोजून देता येणारं काम अंगावर घेतल्यावर येतं. कोणतं काम घ्यावं आणि ते कुठे फसतं, हे इथे लिहितो.

आधी मशीन समजून घ्या. महाराष्ट्रात स्टेनो म्हटलं की पिटमनच्या रेघा आणि पेन्सिल. तिथल्या शासकीय परीक्षेत मिनिटाला 60, 80, 100, 120 शब्द असे टप्पे. इथल्या मशीनवर 22 कळा आणि वर अंकांची पट्टी असते आणि पियानोसारख्या अनेक कळा एकदम दाबायच्या असतात. डावा हात शब्दाची सुरुवात घेतो, अंगठे स्वर घेतात, उजवा हात शेवट. डी या अक्षराला स्वतःची कळ डावीकडे नाही. टी आणि के एकत्र दाबल्या की डी होतो. पी आणि डब्ल्यू मिळून बी, एच आणि आर मिळून एल, टी-पी-एच मिळून एन. एका दाबात शब्दाचा एक अवयव (सिलॅबल), कधी अख्खा शब्द, आणि सरावातला वाक्प्रचार असेल तर चार-पाच शब्दही. म्हणून इथे व्यवसायाची पायाभूत परीक्षा, आरपीआर, 225 शब्दांपर्यंत जाते : साहित्यिक उतारा 180, ज्यूरीला दिलेल्या सूचना 200 आणि प्रश्नोत्तरं 225. प्रत्येक भाग पाच मिनिटांचा, अचूकता 95 टक्के. म्हणजे 180 च्या भागात 900 शब्द आणि चुका जास्तीत जास्त 45. स्वल्पविराम चुकला तरी चूक, शब्द गळला तरी चूक.

पूर्वी या परीक्षांना सदस्यच पर्यवेक्षक म्हणून बसत. आता परीक्षा ऑनलाइन झाल्या आणि ते काम गेलं, पण सरावाची डिक्टेशन्स वाचून देणाऱ्यांची गरज मुळीच कमी झाली नाही. छोट्या फर्मने सगळ्यात आधी घ्यावं असं हेच काम, कारण ते घरून होतं आणि आठवड्याला एक तास पुरतो. उतारा घेतला की त्यावर दर पंधरा सेकंदांची खूण करायची. 180 साठी दर 45 शब्दांनंतर रेघ, 200 साठी 50, 225 साठी 56, आणि दर चौथ्या रेघेला एक शब्द वाढवायचा म्हणजे मिनिटाचे 225 भरतात. मग सेकंदकाट्याकडे डोळा ठेवून वाचायचं. नवा वाचक इथेच चुकतो. पहिल्या दहा सेकंदांत घाई करतो, पुढे गेल्याचं लक्षात आलं की शेवटचे पाच शब्द ओढतो. मिनिटाचा हिशेब बरोबर येतो, पण विद्यार्थ्याच्या हातांना मधेच 260 चा झटका बसलेला असतो. तो बिचारा समजतो की आपलाच वेग कमी आहे. दुसरी चूक उतारा निवडण्यातली. शब्द मोजले आणि अवयव मोजलेच नाहीत, तर वैद्यकीय साक्षीचा 180 चा उतारा साध्या गप्पांच्या 225 पेक्षा जड जातो. शब्दामागे सरासरी 1.4 अवयवांच्या आसपास उतारा ठेवला की सराव सरळ राहतो.

हे वाचन करताना आमच्या फर्मचा फायदा असा झाला, की वकिलाला कधी थांबवायचं हे कानाला कळू लागलं. दोघं एकदम बोलू लागले, की रेकॉर्ड बिघडतो. तेव्हा कुठल्या वाक्यानंतर 'एकेक जण बोला' म्हणायचं, याचा अंदाज आकड्यात येतो. 225 आणि 280 मधला फरक दुसऱ्यासाठी मोजून वाचल्याशिवाय नीट कळत नाही.

दुसरं काम ए टू झेड. एनसीआरएचा हा मोफत ओळख-वर्ग सहा ते आठ आठवड्यांचा असतो आणि सदस्यच तो चालवतात. यात स्टेनोची अक्षरं शिकवायची, संपूर्ण पद्धत नाही. आपल्याला हे जमेल का, आवडेल का, एवढंच शिकणाऱ्याने ठरवायचं. शिकवणाऱ्याने सुरुवात अक्षरांपासून करू नये, स्टुलाच्या उंचीपासून करावी. मशीन तिपाईवर, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये. कोपर ते मनगट सरळ रेषेत. बोटं वरच्या आणि खालच्या ओळीच्या मधल्या फटीवर. हे पहिल्या दिवशी नीट झालं नाही तर तिसऱ्या आठवड्यात मनगट दुखतं आणि माणूस येणं बंद करतो. मग रडगाणं असतं 'अवघड आहे' असं. खरं कारण स्टूल. पुढे दोन दुखणी ठरलेली. शेजारच्या कळेला बोट नुसतं घासून जादा अक्षर उमटणं, त्याला आम्ही सावली म्हणतो. यावर आधी बोट सुधारावं आणि मग कळांची संवेदनशीलता थोडी कमी करावी, उलट क्रमाने नाही. आणि दोन दाबांमध्ये कळा पूर्ण वर येऊ न दिल्याने दोन्ही एकमेकांवर चढणं. यावर उपाय वेग कमी करणं हाच, आणि तोच कुणाला नको असतो.

एक पथ्य आम्ही पाळतो : या वर्गात स्वतःच्या फर्मचं कार्ड वाटत नाही. शिकायला आलेल्या माणसाला पहिल्याच महिन्यात 'आमच्याकडे या' म्हणणं अशोभनीय तर आहेच, शिवाय पुरती पद्धत शिकून आरपीआरपर्यंत पोचायला त्याला पुढे काही वर्षं लागणार असतात. तोवर आपली फर्म असेल का, हाच प्रश्न.

विद्यार्थिनी शेवटच्या टप्प्यात आली की तिला खऱ्या डिपॉझिशनमध्ये बाजूला बसवून सराव करू देतात. याला परवानगी दोन्ही बाजूंच्या वकिलांची आधी लेखी घ्यावी. ऐन वेळी दारात विचारली तर कुणीतरी 'नाही' म्हणतं आणि पोरगी हिरमुसून परत जाते. तिच्या नोट्स अधिकृत नाहीत, हे तिलाही स्पष्ट सांगायचं, आणि निघण्यापूर्वी फाइल तिच्या लॅपटॉपवरून काढायची किंवा नावं झाकायची. खुर्ची साक्षीदाराच्या समोर नको, आपल्या मागे तिरकी हवी. दोन मशीनचा आवाज आला की साक्षीदार बिचकतो.

सगळ्यात जास्त वेळ जिथे जातो आणि जिथे आमचं हस्तकौशल्य सगळ्यात जास्त बदललं, ते काम म्हणजे माजी सैनिकांच्या मुलाखती. अमेरिकी काँग्रेसने 2000 साली व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट सुरू केला. त्या मुलाखती लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन होतात. एनसीआरएच्या प्रतिष्ठानाने सदस्यांना त्यांचं लिप्यंतर करायला बोलावलं, त्याचे व्यावसायिक विकासाचे गुणही मिळतात. बहुतेक मुलाखती कुणाच्या तरी स्वयंपाकघरात घरच्या रेकॉर्डरवर झालेल्या. फ्रिज घरघरतो, कुत्रा भुंकतो, म्हातारबुवा माइकपासून तोंड फिरवून बोलतात. इथे मधे थांबवून 'पुन्हा सांगा' म्हणायची सोय नाही. तासाभराच्या मुलाखतीला आम्ही एकूण चार तास धरतो : पहिल्या खेपेत मशीनवर घेणं, दुसऱ्या खेपेत ऐकत दुरुस्ती, मग नावांची पडताळणी, शेवटी ध्वनी न लावता नुसतं वाचन.

नावांतच अर्धा वेळ जातो. जहाजाचं नाव, तुकडीचा आकडा, प्रशांत महासागरातलं एखादं बेट. कानाला जे ऐकू आलं तसं लिहून पुढे जाणं हा सगळ्यात मोठा दोष, कारण वाचणारा संशोधक त्याच नावाने शोधणार. आम्ही आधी मुलाखतीसोबतचा माहितीचा कागद वाचतो, त्यात सेवेचा काळ आणि तुकडी असते. मग त्यावरून नावांची यादी करून ती त्या कामापुरत्या कोशात, म्हणजे कोणत्या दाबाचा कोणता शब्द हे ठरवणाऱ्या संगणकावरच्या यादीत, टाकतो, आणि मगच मशीनवर बसतो. शोधूनही सापडलं नाही तर ध्वनीप्रमाणे लिहून तसं नोंदवतो. 'ऐकू आलं नाही' अशी खूण टाकायला रिपोर्टरला लाज वाटते. ती वाटू नये. अंदाजाने भरलेला शब्द खुणेपेक्षा वाईट.

हीच चार खेपांची पद्धत पुढे आमच्या पैशाच्या कामात शिरली. डिपॉझिशनची नोटीस आली की त्याच दिवशी नावांची यादी, पक्षकारांची स्पेलिंग्ज, तज्ज्ञ असेल तर त्याच्या अहवालातले शब्द. दिवसभराच्या साक्षीची साधारण 250 पानं होतात. संघीय नियमाप्रमाणे एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास. आणि साक्षीदाराने मागितलं तर प्रत तपासायला 30 दिवस. त्या तपासणीत दुरुस्तीपत्रावर येणाऱ्या चुकांत आडनावांच्या चुका किती, हे आम्ही मोजतो. यादी आधी केली तर त्या जवळजवळ उरत नाहीत.

समित्यांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परवान्याच्या विधेयकासाठी ट्रेंटनला, म्हणजे राज्याच्या राजधानीला, जाऊन बोलायचं असेल तर एका पानाचं निवेदन आणि दोन-तीन मिनिटांचं बोलणं पुरतं. त्याहून लांब कुणी ऐकत नाही. एक गोष्ट मात्र पहिल्या बैठकीच्या आधीच समजून घ्यावी : संघटनेच्या बैठकीत पानाचा दर हा शब्दही काढायचा नाही. प्रतिस्पर्धी एकत्र बसून भावाबद्दल बोलले की मक्तेदारीविरोधी शर्मन कायद्याचं बालंट येतं. 1990 मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या एका संघटनेने दरवाढीसाठी घातलेला बहिष्कारदेखील बेकायदा ठरवला होता. चहाच्या टेबलावर विषय निघाला तरी उठून जावं. आणि नव्या सदस्याला पहिल्या वर्षी अधिवेशनाची जबाबदारी देऊ नये. त्याला सुरुवातीचा दिवस, शेवटचा दिवस आणि एकूण तास सांगता येतील असं काम द्यावं. नाही तर तेच पाच जण दरवर्षी राबतात आणि सहावा तयार होत नाही. आपल्या गणेशोत्सव मंडळांना हे सांगायची गरज नाही.

फेब्रुवारीत कोर्ट रिपोर्टिंग अँड कॅप्शनिंग आठवडा असतो, तेव्हा शाळांत जाऊन पडद्यावर प्रत्यक्ष अक्षरं उमटवून दाखवतो. शिक्षकांकडून मुलांची पहिली नावं आदल्या दिवशी मागवून कोशात घालावीत. स्वतःचं नाव पडद्यावर बरोबर आलं की वर्ग गप्प होतो. न्यू जर्सीत निम्मी नावं आपल्याकडची असतात अशाही शाळा आहेत, आणि तिथे मशीनची फजिती ठरलेली. कुलकर्णी तीन दाबांत घेतलं की कोश त्याचे तीन इंग्रजी शब्द करतो, शेवटचा 'नी', म्हणजे गुडघा. वाघमारे व्ही की डब्ल्यू, फडके एफ की पी-एच, क्षीरसागरचं तर विचारूच नका. त्यामुळे मराठी, गुजराती, तेलुगू आडनावांची एक यादी आम्ही ठेवली आहे, एका आडनावाला एक ठरलेला दाब, आणि ती मागेल त्या सदस्याला देतो. साक्षीत मात्र यादीवर विसंबत नाही. स्पेलिंग रेकॉर्डवरच विचारून घेतो.

दुभाष्यासह होणाऱ्या साक्षींवर संघटनेत बोलायची पाळी आमच्यावर येते, ती भाषेमुळे. नियम साधा आहे : दुभाष्याची शपथ आधी, उत्तर प्रथमपुरुषी, आणि रेकॉर्डवर फक्त इंग्रजी. अडचण त्या रिपोर्टरची, ज्याला दोन्ही भाषा येतात. साक्षीदार म्हणतो, 'परवा'. दुभाषी म्हणतो, दोन दिवसांपूर्वी. मागच्या वाक्यावरून रिपोर्टरला वाटत असतं की साक्षीदार येणाऱ्या परवाबद्दल बोलतोय. हात थांबवायचे नाहीत, भुवई वर करायची नाही. दुभाष्याने जे म्हटलं तेच लिहायचं. ते चूक असेल तर आक्षेप वकिलाने घ्यायचा.